वाढ आणि निर्मिती यांतला फरक शिकताना : आमची वाटचाल

ऊतीसंवर्धनातून रोपे तयार करणारी आमची छोटी प्रयोगशाळा औषधी संयुगांकडे वळली, तेव्हा पेशी जितक्या भराभर वाढतील तितके द्रव्य अधिक मिळेल, अशी आमची समजूत होती. नोनी या औषधी झाडाच्या कॅलसपासून, म्हणजे पेशींच्या आकारहीन गोळ्यापासून, आम्ही द्रवमाध्यमातील संवर्धन सुरू केले. २,४-डी हे कृत्रिम वाढ-संप्रेरक घातलेल्या माध्यमात पेशी जोमाने फोफावल्या. पण ज्या अँथ्राक्विनोन या रंगीत संयुगांसाठी हा सारा खटाटोप होता, त्यांचा रंग काही केल्या दिसेना. वजन भरपूर आणि हाती काहीच नाही, असा तो प्रकार होता.

ही संयुगे वाढीसाठी लागत नाहीत. बुरशी, कीड व जखम यांना तोंड देण्यासाठी वनस्पती ती बनवते, आणि विभाजनात गुंतलेली पेशी आपली साखर व नत्र नव्या पेशी घडवण्यातच खर्च करते. शिवाय २,४-डीमुळे नोनीतील अँथ्राक्विनोनची निर्मिती दबते आणि त्याऐवजी एनएए हे दुसरे संप्रेरक वापरल्यास ती होते, हे १९७०च्या दशकातच प्रसिद्ध झाले होते. ते आधी वाचले असते, तर आमचे कितीतरी महिने वाचले असते.

पुढे आम्ही आधी वाढ, मग निर्मिती अशी दोन टप्प्यांची पद्धत स्वीकारली. १९८३ मध्ये जपानमध्ये व्यापारी पातळीवर आलेल्या शिकोनिन या लाल रंगद्रव्याच्या उत्पादनातही पेशी आधी एका माध्यमात वाढवून मग अमोनियमविरहित माध्यमात हलवल्या जात. आमच्याकडे वाढीचा वेग मंदावू लागला की पेशींची संरक्षणयंत्रणा जागवणारे मिथाइल जॅस्मोनेट घालतो. ते लवकर घातले तर वाढच खुंटते, उशिरा घातले तर थकलेल्या पेशी प्रतिसाद देत नाहीत; मात्रेपेक्षा ही वेळ साधणे अधिक कठीण, असे माझे मत आहे.

वारंवार उपसंवर्धन केल्यास, म्हणजे पेशी ताज्या माध्यमात हलवत राहिल्यास, पेशींचा चांगला वाणही हळूहळू उत्पादन गमावतो. म्हणून गडद रंगाचे पुंजके निवडून ते वेगळे वाढवणे हे आमचे नेहमीचे काम झाले आहे. पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवण्याच्या टाकीने, म्हणजे बायोरिअ‍ॅक्टरने, मात्र वेगळाच धडा दिला. वनस्पतीपेशी दुप्पट व्हायला काही दिवस घेतात, तर जिवाणू अर्ध्या तासातही दुप्पट होऊ शकतात. त्यामुळे एका सैल झडपेतून जिवाणू शिरल्याने अख्खी बॅच टाकून द्यावी लागली. ढवळणाऱ्या पंख्याचा वेग वाढवला की पेशी फुटतात, कमी केला की पुंजके तळाशी बसून प्राणवायूवाचून काळे पडतात.

सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध मिळेल का, अशी विचारणा आजही होते. त्याचा एक घटक असलेले व्हिंडोलिन अविभेदित, म्हणजे पान-मूळ असे रूप न घेतलेल्या, पेशींत जवळजवळ तयारच होत नसल्याने आम्ही ते काम घेत नाही.