तुम्ही विचारलंत म्हणून: दर वेळी पार्टनर वेगळा का?

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ पार्टनरबरोबर जोडीनं खेळायचा, आणि माझा पेअर्सला (जोड्यांच्या स्पर्धेला) एक, टीमला दुसरा, मिक्स्डला (स्त्री-पुरुष जोडीला) तिसरा. स्पर्धा पुण्याची असो की नाशिकची, हॉलमध्ये पाऊल टाकलं की कुणीतरी विचारतंच, "या वेळी कोणाबरोबर?" आणि त्यामागचा खरा प्रश्न, "तुमचं एकाशी जमत नाही का?"

आजवर मी "रजा जुळत नाहीत हो" म्हणून सुटका करून घेतली. रजा खरंच जुळत नाहीत. पण तेवढंच कारण असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

लगेच प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांचं उदाहरण देऊ नका. २०१८ला जकार्त्याच्या एशियाडमध्ये त्यांनी पेअर्सचं सुवर्ण घेतलं, तेव्हा मीही घरी बसून रडले होते. मुरलेली जोडी म्हणजे काय, हे मला शिकवायला नको. मी अकरा वर्षं एकीबरोबरच खेळले. तेव्हा नव्यांना मीच सांगायचे, बोलींची सिस्टिम मागाहून येते, आधी जोडी जमू द्या. तिनं छक्की टाकली की दुर्री, यावरून तिच्याकडे त्या रंगाची किती पानं उरलीत ते मला दिसायचं. मग निवड चाचणीसाठी तिनं दुसरा पार्टनर घेतला. मला फोन करून सांगितलं, नीट सांगितलं. त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तेव्हा म्हणत होते.

त्यानंतरच्या वर्षी एका विभागीय स्पर्धेत, स्विस लीगमध्ये, म्हणजे टीमच्या सामन्यांत, माझ्यासमोर पार्टनर म्हणून एक निवृत्त शिक्षक बसले होते. आदल्या रात्री दीड तास फोनवर बोलून आम्ही कन्व्हेन्शन कार्ड, म्हणजे आमच्या बोलींच्या अर्थांची यादी, भरलं. चार नो ट्रम्प ही बोली म्हणजे पार्टनरला प्रश्न, तुझ्याकडे की-कार्डं (चार एक्के आणि हुकमाचा राजा) किती? त्याच्या उत्तरांना ते १४३० म्हणाले, मी हो म्हटलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. म्हणजे एक किंवा चार की-कार्डं असली तर पाच किलवर, शून्य किंवा तीन असली तर पाच चौकट. तिच्याबरोबर मी अकरा वर्षं नेमकं याच्या उलट, ३०१४ खेळत होते.

चौथ्या सामन्यात मी एक इस्पिकनं सुरुवात केली, सरांकडे बदामांची लांबलचक रांग आणि माझ्या इस्पिकला उत्तम साथ. त्यांनी चार नो ट्रम्प विचारलं. माझ्याकडे एकच की-कार्ड होतं, इस्पिकचा राजा. माझा हात बिडिंग बॉक्सकडे, बोलींच्या कार्डांच्या पेटीकडे, गेला आणि मी पाच चौकट काढलं.

माझ्या डावीकडच्या बाईंनी सरांना विचारलं, "याचा अर्थ?"

"शून्य किंवा तीन," सर म्हणाले.

तेव्हा मला कळलं. आणि कळूनही मला काही करता येत नव्हतं. त्यांचं स्पष्टीकरण कार्डाप्रमाणे अचूक होतं, चुकले होते मी. बिड चुकणं हा गुन्हा नाही, पण पार्टनरच्या तोंडून ऐकलेल्याचा फायदा उठवणं हा आहे. मी चेहरा दगडासारखा ठेवला. ओपनिंग केलेल्या हातात शून्य कसं असेल? सरांनी तीन धरली, स्वतःचे इस्पिकचा आणि बदामाचा असे दोन एक्के मिळवले, पाचही पुरी झाली. त्यांनी सात इस्पिक लावलं, म्हणजे तेराच्या तेरा ट्रिक (हात) करण्याची बोली. मी पास. बाईंनी दंड वाढवणारं डबलचं लाल कार्ड ठेवलं, चौकटचा एक्का लीड केला, मग किलवरचा एक्का. उरलेल्या अकरा ट्रिक माझ्या. त्या मी एक-एक करून घेतल्या, आणि इतकं लांबलेलं बोर्ड, म्हणजे डाव, मी आयुष्यात खेळलेले नाही.

आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे दंड जास्त, उणे ५००. दुसऱ्या टेबलवर त्याच पानांवर प्रतिस्पर्धी चार इस्पिकवर थांबले आणि अकरा करून ६५० घेऊन गेले. फरकाचे पंधरा इम्प, म्हणजे टीमचे गुण, गेले. सामना आम्ही नऊनं हरलो.

चहाच्या टेबलापाशी मी त्यांना म्हटलं, "सर, सरळ सातवर कशाला गेलात? आधी पाच नो ट्रम्प म्हणून राजे विचारायचे होते."

ते म्हणाले, "हो, विचारता आलं असतं."

काही उपयोग झाला नसता. दोन एक्के बाहेर होते, आणि बोली वरच चढते, पाच नो ट्रम्पनंतर पाच इस्पिकवर परतता येत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, त्यांनाही होतं. चूक माझी होती हे म्हणायला मी दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडू दिली. मी उत्तर समोरच्या माणसाला दिलंच नव्हतं. ती, माझी जुनी पार्टनर, चार टेबलं पलीकडे खेळत होती, मी उत्तर तिला दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, पार्टनर बदलले की हे असंच व्हायचं. माझी जुनी मीसुद्धा हेच म्हणाली असती. मी म्हणते, एकाच पार्टनरबरोबर अकरा वर्षं काढली म्हणून ते झालं. आता प्रत्येक नव्या माणसाशी एकेक गोष्ट विचारून घ्यावी लागते, काही गृहीत धरता येत नाही, आणि मला ते आवडतं. पण छक्की-दुर्रीवरून समोरचा हात आरपार दिसणं पुन्हा कुणाबरोबर जमलेलं नाही, हेही खरं. रात्री बोर्डं आठवताना ते जाणवतं. दुसरी कुणी सोडून जाऊ नये म्हणून मी कुणाची होतच नाही, असं एकदा माझी बहीण म्हणाली. तिला मी रागावले. तिला खोडून काढणारं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

गेल्या आठवड्यात त्याच सरांचा फोन आला, पुढच्या पेअर्ससाठी. कार्ड भरताना म्हणाले, "चार नो ट्रम्पला तुमच्या सवयीचं ३०१४ ठेवू या."

मी नको म्हटलं. १४३०च ठेवलंय. टीमला मात्र नागपूरच्या एका मुलीबरोबर नाव दिलंय, तिच्याशी अजून बोलायचंय.