जिवंत असल्याचा पंचनामा

इंदूरला एका पार्षदाच्या कार्यालयात मी बसतो. महाराष्ट्रात ज्याला नगरसेवक म्हणतात, तो आमच्याकडे पार्षद. कार्यालय म्हणजे जुन्या मराठी मोहल्ल्यातल्या घराची पुढची खोली, एक टेबल, चार खुर्च्या आणि माझं रजिस्टर. रजिस्टरात बहुतेक एकच गाणं: नर्मदेचं पाणी कमी दाबाने आलं, ड्रेनेज तुंबलं, खांबावरचा दिवा गेला, कुत्री फार झालीत.

त्या बुधवारी सकाळी काकू आल्या त्या प्लास्टिकची फाइल छातीशी धरून. वय चौऱ्याहत्तर. खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाल्या, ‘‘अरे, मी मेलेय म्हणे. तू सांग, मी मेलेय का?’’

पाच महिने त्यांची पेन्शन आली नव्हती. बँकेत कुणीतरी सांगितलं की समग्रवर तुमचं नाव मृत दाखवतंय. समग्र म्हणजे मध्य प्रदेशातला कुटुंबाचा नोंदक्रमांक. घराचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. रेशन असो की पेन्शन, आधी तो क्रमांक विचारतात.

फाइल उघडली आणि मला घाम फुटला. आत खासदारांच्या कार्यालयातून कलेक्टरांना गेलेल्या पत्राची प्रत, आमदारांनी निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, आयुक्तांना लिहिलेलं पत्र आणि कलेक्टर कचेरीतल्या मंगळवारच्या जनसुनावणीची पावती. एका बाईच्या ६०० रुपयांसाठी एवढी राजमुद्रा! आणि तिन्ही कागद वरून खाली उतरत एकाच जागी पोचत होते, निगमच्या आमच्या झोन कार्यालयातल्या टेबलावर. आमच्या दारापासून चालत दहा मिनिटं.

‘‘काकू, आधी इथे का नाही आलात?’’

‘‘तुझा पार्षद काय, नाल्या साफ करतो. हे पेन्शनचं काम सरकारचं.’’

त्यांना दोष देता येत नाही. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, जिथे म्हणून मराठी घरं आहेत तिथे ताई म्हटलं की सुमित्रा महाजनच. १९८९ पासून सलग आठ वेळा त्या इथून लोकसभेवर गेल्या, शेवटची पाच वर्षं तर सभापती होत्या. आमच्या घरी नळाला पाणी आलं नाही तरी आजोबा म्हणायचे, ताईंच्या कानावर घालू. लोकसभेच्या सभापतींच्या कानावर नळ! शिवाय २०२० च्या सुरुवातीला निगम परिषदेची मुदत संपली ती नवी निवडणूक थेट जुलै २०२२ मध्ये. अडीच वर्षं शहराच्या ८५ वॉर्डांत पार्षदच नव्हते. लोकांना आमदारांकडे जायची सवय लागली ती अजून सुटलेली नाही.

बरं, काकू अगदी चूक होत्या असंही नाही. त्या ६०० रुपयांत तीन सरकारं बसलेली आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला साठाव्या वर्षापासून दिल्ली महिना २०० रुपये देते, ऐंशीनंतर ५००. त्यावर भोपाळ आपली भर घालून रक्कम ६०० करतं. आणि माणूस आहे की गेला, हे ठरतं निगमच्या नोंदीत. खासदार संसदेत ते २०० वाढवा म्हणून बोलू शकतात, आमदार विधानसभेत भर वाढवायला सांगू शकतात. पण नावापुढचा ‘मृत’ खोडायचं लॉगिन दोघांकडेही नाही. खरं तर आमच्या पार्षदांकडेही नाही. त्यांच्याकडे आहे ती ओळख.

मी नऊ आकडी क्रमांक दोनदा वाचला आणि विचारलं, घरात एवढ्यात कुणी गेलं का? काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘मोठ्या जाऊबाई. आषाढात.’’ नाव काढायला कोण गेलं होतं? पुतण्या. त्याला फोन लावला. तो बिचारा कागद शोधून क्रमांक वाचू लागला आणि शेवटच्या आकड्याशी अडखळला. दोघी जावा एकाच कुटुंब-क्रमांकात, दोघींच्या क्रमांकात शेवटच्या एका आकड्याचा फरक. पोरानं आईच्या जागी काकूला पोचवलं होतं.

पार्षदांनी लेटरहेडवर लिहून दिलं: यांना मी व्यक्तिशः ओळखतो, आज त्या माझ्यासमोर हजर आहेत. खाली मोहल्ल्यातल्या पाच जणांच्या सह्यांचा पंचनामा. मेल्याचा पंचनामा मी पाहिलाय, जिवंत असल्याचा प्रथमच लिहिला. किराणावाल्यानं सही करताना काकूंकडे निरखून पाहिलं, म्हणाला, ‘‘काकू, मागचं उधार आहे, तुम्ही जिवंतच बऱ्या.’’ सगळ्यात जास्त काकूच हसल्या.

झोनवर दुपार गेली. यंत्रावर काकूंचे ठसे उठेनात. भांडी घासून बोटं गुळगुळीत झालेली. ओटीपी गेला पुतण्याच्या मोबाइलवर, तो पीथमपूरला शिफ्टमध्ये. चारच्या सुमारास नाव परत जोडलं गेलं. पेन्शन काही त्या दिवशी सुरू झाली नाही, पुढच्या यादीत येईल म्हणाले. मागच्या पाच महिन्यांसाठी वेगळा अर्ज.

मग दुसरी गाठ निघाली. कागदोपत्री जाऊबाई अजून जिवंत होत्या आणि त्यांच्या खात्यात पेन्शन जमा होत होती. मी म्हटलं, त्यांची खरी नोंद करावी लागेल आणि ते ३००० रुपये सरकारला परत करावे लागतील. काकूंनी बोटांवर हिशेब केला.

‘‘म्हणजे माझे ३००० तिच्याकडे गेले?’’

‘‘तसं नाही काकू, तुमचे वेगळे, त्यांचे वेगळे.’’

‘‘वेगळे कसले! लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या वाटणीचं तीच नेत आली. आता मेल्यावरही.’’ एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

रिक्षात बसवताना मी फाइल त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडून पाहिली. पंचनाम्याची आणि पार्षदांच्या पत्राची प्रत माझ्याकडे परत केली, ‘‘हे राहू दे तुझ्याकडेच, तुला लागेल.’’ खासदारांचं पत्र मात्र घडी मोडणार नाही असं बघून परत आत सरकवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, ‘‘चल रे, सावकाश.’’