उद्यमबागेतला रविवार आणि पंख्याची एक तार

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपचा संगणक मी एका रविवारी नव्या कॅबिनेटमध्ये बसवून दिला. संगणक सुरू झाला, मालकांनी पैसेही दिले. पण त्या दिवशी मी केलेली एक जोडणी अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

संगणक एका नामांकित कंपनीचा, अरुंद डब्याचा होता. त्या शेडमध्ये बिडाची कास्टिंग कोरडीच कापली जातात. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि करड्या बिडात तो बहुतांशी ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळे तिथे उडणारी काळी भुकटी ही नुसती धूळ नसते, तिच्यातून वीज वाहते. ती संगणकाच्या सप्लायच्या, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या भागाच्या, आत साचली आणि सप्लाय गेला. त्या मॉडेलचा सप्लाय कंपनीकडून येणे केव्हाच बंद झाले होते. नवा संगणक घ्या, असे सांगून मोकळे होणे सोपे होते. पण व्हीएमसीचे, म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे आपोआप कापणाऱ्या उभ्या मशीनचे, प्रोग्रॅम ज्या सॉफ्टवेअरवर तयार होतात त्याचा परवाना मदरबोर्डावरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डावरील, नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेला होता आणि विंडोजच्या परवान्याची कीसुद्धा बोर्डाच्याच फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या चिपमधल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये, होती. त्यामुळे बोर्ड तोच ठेवून भोवतीचे सगळे बदलायचे, आणि नवे कॅबिनेट जाळीवर फिल्टर असलेले घ्यायचे, असे ठरले.

एटीएक्स हे संगणकाच्या भागांच्या मापांचे मानक 1995 साली आले. बोर्डाची भोके, सप्लायचा प्लग, पोर्टांसाठीची मागची खिडकी यांची मापे तेव्हापासून सर्वांना ठाऊक आहेत. तरीही मोठ्या कंपन्या आपल्या डब्यांत आपलीच मापे वापरतात आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेली वस्तू सुट्या भागांसाठी त्यांच्याच दारात अडकून राहते. याचा मला मनापासून राग आहे.

या बोर्डाला नेहमीच्या 24 पिनांच्या प्लगऐवजी 6 पिनांचा प्लग होता. माझ्या आधी आलेल्या कोणी तरी नव्या सप्लायच्या तारा तोडून रंगांवरून जोडण्याचा बेत केला होता. दोन तारा सोललेल्या मला दिसल्या. सुदैवाने त्याने वीज सुरू केली नव्हती. जुन्या सप्लायवरचे लेबल वाचण्याचे कष्ट त्याने घेतले असते, तर त्यावर 5 आणि 3.3 व्होल्टचा उल्लेखच नाही, हे त्याला दिसले असते. हा बोर्ड फक्त 12 व्होल्ट घेतो, लहान दाब स्वतः तयार करतो आणि डिस्कलाही वीज तोच पुरवतो. संगणक बंद असताना जी स्टँडबायची वीज चालू राहते, तीही 5 नव्हे, 12 व्होल्टची. म्हणून स्टँडबायचा दाब वाढवणारा छोटा मोड्यूल असलेला अडॅप्टर मी आधीच मागवून ठेवला होता. सप्लायची हिरवी तार काळीला जोडून तो रिकामाच चालवला, अडॅप्टरच्या प्रत्येक टोकाला मल्टिमीटर लावला आणि सर्व आकडे वहीत लिहून झाल्यावरच बोर्डाला हात लावला. या कामाला पाऊण तास लागतो. बाजारात हा पाऊण तास कोणी देत नाही आणि गिऱ्हाईकही त्याचे पैसे द्यायला नाखूश असते.

खरी अडचण प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरपाशी आली. त्याचे चार स्प्रिंगवाले स्क्रू बोर्डात नव्हे, जुन्या डब्याच्या पत्र्यावर बसवलेल्या बुशांत, म्हणजे आतून आटे असलेल्या छोट्या नळ्यांत, आवळलेले होते. बोर्ड डब्यातून काढला आणि कूलर हातात आला. भोके 75 मिलिमीटरच्या चौकोनात असल्याने बाजारातला साधा कूलर बसला असता, पण रविवारी आमची दुकाने बंद. आज होणार नाही, असे मी मालकांना सांगत होतो, तेवढ्यात ओव्हरटाइमला आलेले एक टर्नर मामा जवळ आले. खानापूर तालुक्यातील एका गावाहून ते रोज बसने येतात.

“होत नाही म्हणजे काय? माप सांग की,” ते म्हणाले.

त्यांनी व्हर्नियरने बुशांची उंची मोजली, जुना स्क्रू बोटांत फिरवून पाहिला आणि हा मेट्रिक नव्हे, इंची 6-32 आट्यांचा आहे, हे मी सांगण्याआधीच ओळखले. तसे आटे पाडणारा टॅप त्यांच्या पत्र्याच्या डब्यात होता. तीन मिलिमीटरची पट्टी, तिच्यावर चार बुश, वर फायबरचे वॉशर. स्प्रिंग पुरती दबली पाहिजे पण बोर्ड वाकता कामा नये, एवढे मी सांगितले. बाकी सगळे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते. मागच्या खिडकीसाठी 158.75 गुणिले 44.45 मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टीही त्यांनीच पोर्टांच्या जागा कोरून दिली. इतकी नेटकी पट्टी मी कारखान्यातून आलेल्या कॅबिनेटवरही पाहिलेली नाही.

कॅबिनेटचा एक पितळी खांब बोर्डाच्या भोकाशी जुळत नव्हता, तो काढला. संध्याकाळी साडेपाचला संगणक सुरू झाला आणि लगेच थांबला, पडद्यावर सूचना आली: डब्याचा पंखा सापडत नाही, एफ 1 दाबा. पुढे सुरू करताना प्रत्येक वेळी तो असाच थांबणार होता. नव्या कॅबिनेटचे पंखे दोनच तारांचे, थेट सप्लायवर चालणारे. त्यांना वेग सांगणारी तिसरी तारच नव्हती. सकाळी सहाच्या पाळीला मशीनवर प्रोग्रॅम चढवायचा होता. मी कूलरच्या पंख्याच्या वेगाच्या तारेला फाटा काढून तो डब्याच्या पंख्याच्या पिनेला जोडला. बोर्डाला दोन पंखे दिसू लागले. सूचना गेली.

म्हणजे त्या काळ्या भुकटीत कॅबिनेटचा मागचा पंखा अडकून बंद पडला, तरी बोर्ड आता काही बोलणार नाही. मालकांना मी हे नीट सांगितले. ते म्हणाले, “चालतंय की, तुम्ही आहात ना.” मामा मात्र काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त त्या फाट्याकडे पाहिले. आपल्या कामात ते अर्धा मिलिमीटर खपवून घेत नाहीत, हे मी दिवसभर पाहिले होते.

फाट्याला मी लाल टेप लावली आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला तारीख घालून चिठ्ठी चिकटवली: मागच्या पंख्याची सूचना बंद आहे, पंखा डोळ्यांनी पाहावा. सोमवारी दुकान उघडताच तीन तारांचा पंखा घेतला. मालकांना दोनदा फोन केला. मशीन चालू आहे, सवडीने या, असे ते म्हणतात. पंखा माझ्या पिशवीत आहे. येत्या रविवारी न विचारता जाणार आहे.