म्हशीला चार पाय, आमच्याकडे दोन म्हशी

परवा निपाणीहून एका ताईंचा फोन आला. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आता बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. "ऑब्जेक्ट ओरिएंटेड अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन म्हणून एक विषय आलाय, तिला त्यातलं काहीच कळेना झालंय. इंग्रजीच कच्चं आहे हो. तुम्हीपण मराठी शाळेतल्याच ना? तुम्हाला कसं जमलं?" हा प्रश्न मला खानापूरच्या बसमध्ये विचारतात, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतात, ऑफिसात नव्यानं लागलेली पोरंही विचारतात. फोनवर गडबडीत "जमेल, घाबरू नका" एवढंच बोलले. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आता सावकाश लिहिते.

मला आधी अजिबात जमलं नव्हतं. विषय तसा सरळ सांगितला होता: प्रोग्रॅम लिहायच्या आधी ज्या कामासाठी तो लिहायचा ते काम समजून घ्यायचं, त्यातल्या वस्तू, माणसं, नोंदी ओळखायच्या, प्रत्येकीला एक चौकोन द्यायचा आणि त्यांची नाती कागदावर काढायची. या आकृत्यांची एक ठरलेली खूणभाषा आहे, यूएमएल. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र करून ती बांधली आणि १९९७ साली तिला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. तिच्यात दोन खुणा फार महत्त्वाच्या. पोकळ त्रिकोण म्हणजे "इज अ", ही वस्तू त्या प्रकारातली आहे. आणि शंकरपाळीचा आकार म्हणजे "हॅज अ", या वस्तूकडे ती वस्तू आहे. कुठली खूण द्यायची कळत नसेल तर दोन्ही वाक्यं म्हणून बघा, असं वर्गात सांगितलं.

मी म्हणून बघितली. म्हणजे वहीच्या कडेला मराठीत लिहून बघितली, कारण डोकं मराठीतच चालायचं. "ही म्हैस आहे." "आमच्याकडे म्हैस आहे." दोन्हीकडे "आहे". इंग्रजीतले दोन वेगळे शब्द मराठीत आल्यावर एकच होऊन बसले. पहिल्या चाचणीत जिथं शंकरपाळी हवी तिथं मी त्रिकोण काढला, एकदा नाही, चार ठिकाणी. आपलं इंग्रजी कमी पडतंय, असंच मला तेव्हा वाटलं.

माझी रूममेट बैलहोंगलची, कन्नड शाळेतली. ती मात्र ही चूक करत नव्हती. एका रात्री तिला विचारलं, तू कसं ओळखतेस? ती म्हणाली, आमच्यात दोन्ही सारखं नसतंच. "इदु एम्मे" म्हणजे ही म्हैस. बास, क्रियापदच नाही. "नन्न हत्तिर एरडु एम्मे इवे" म्हणजे माझ्याकडे दोन म्हशी आहेत, इथं "इवे" आलं. तिच्या भाषेनं तिला फरक आयता दिला होता. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. माझ्या भाषेनं मला काहीच दिलं नाही का?

दिलं होतं, मी चुकीच्या जागी बघत होते. क्रियापद एकच असलं तरी त्याच्या आधीच्या शब्दाला काय लागलंय ते बघायचं. "ही म्हैस आहे", कुठलाच प्रत्यय नाही: त्रिकोण. "म्हशीला चार पाय आहेत", "ला" आला. "आमच्याकडे दोन म्हशी आहेत", "कडे" आलं. आता हे उलटं करून बघा. "म्हशीकडे चार पाय आहेत" असं कुणी म्हणत नाही. पाय म्हशीपासून सुटा होत नाही, म्हैस मेली की पायाला वेगळं अस्तित्व नाही. म्हैस मात्र बाजारात विकता येते, ती आज आमच्याकडे, उद्या दुसऱ्याच्या दावणीला. यूएमएलमध्ये नेमका हाच भेद आहे! भरीव शंकरपाळी, म्हणजे कंपोझिशन: पूर्ण गेलं की भागही गेला. पोकळ शंकरपाळी, म्हणजे अ‍ॅग्रिगेशन: भाग मागं राहतो, दुसरीकडं जाऊ शकतो. इंग्रजीत या दोन्हींना एकच "हॅज" लावतात आणि मग पानभर समजावून सांगावं लागतं. आपल्याकडं दुसरीतलं पोर "ला" आणि "कडे" यांत चुकत नाही.

हे प्रत्येक वेळी तंतोतंत बसत नाही, तेही सांगते. "मला दोन बहिणी आहेत" इथंही "ला" आहे, पण बहीण काही माझा अवयव नाही. तिथं नातं दाखवायला नुसती रेघ पुरते, शंकरपाळी नको. आणि "वारसा" या शब्दानं तर मला पुष्कळ दिवस फसवलं. त्रिकोणाच्या नात्याला इनहेरिटन्स म्हणतात, त्याचं मराठी पुस्तकी नाव वारसा, आणि आमच्याकडं वारसा म्हटलं की उताऱ्यावर नाव चढणं, भावाभावांत वाटणी. इथं कुणाला मरावं लागत नाही आणि वाटणीही होत नाही. वरच्या प्रकाराचे सगळे गुण खालच्या प्रत्येकात पूर्णच्या पूर्ण येतात. "प्रकार" हाच शब्द डोक्यात ठेवलेला बरा.

प्रोजेक्टला मी गावच्या डेअरीचं काम निवडलं, कारण लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ तिथं दूध घालायला गेलेली. मोठ्या हौसेनं पहिली आकृती काढली: वर "जनावर", खाली त्रिकोणानं जोडलेल्या "गाय" आणि "म्हैस". सुट्टीत घरी गेल्यावर आईला दाखवली. तिनं कागद चुलीच्या उजेडात धरून बघितला. "डेअरीत म्हैस कुठं येते गं? दूध येतंय की." मी गप्प. डेअरीच्या दृष्टीनं म्हैस नाहीच. आहे ते दुधाचं माप, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दूध गाईचं की म्हशीचं एवढं, कारण दोन्हींचं दरपत्रक वेगळं. जगात जे जे आहे ते आकृतीत घालायचं नसतं, त्या कामाला जे लागतं तेवढंच घालायचं. हे वाक्य पुस्तकात होतं, मी ते रंगीत पेननं अधोरेखित केलेलं होतं, आणि तरी म्हैस काढून बसले होते.

दुसरी चूक जास्त खोल होती. मी "उत्पादक" असा एक चौकोन काढला: नाव, खाते क्रमांक, बँकेचं खातं, रोजचं दूध, सगळं त्यात. आई म्हणाली, "खातं कुणाचं आणि दूध कोण घालतंय, दोन्ही वेगळं की." खातं आजोबांच्या नावावर होतं. दूध आई घालत होती, कधी मी, कधी चुलतभाऊ. त्या पावसाळ्यात आजोबा गेले. डेअरीच्या कॉम्प्युटरमध्ये खातं म्हणजेच माणूस अशी रचना असल्यामुळं नाव बदलायचं तर नवं खातं काढायचं आणि जुन्या नोंदी सोडून द्यायच्या, एवढाच मार्ग होता. वर्षभराच्या दुधावर दिवाळीचा बोनस ठरतो, म्हणून आईनं ते केलं नाही. चार महिने रोज दोन वेळा छोट्या कागदावर आजोबांचं नाव छापून येत राहिलं. खाली लिटर, फॅट, रक्कम. आई ती पावती दोन बोटांनी घडी करून कनवटीला लावायची, वाचायची नाही.

तेव्हा मला "नावावर" हा शब्द दिसला. "ला" नाही, "कडे" नाही, "नावावर". हे नातं एका तारखेला सुरू होतं आणि एका तारखेला संपतं, आणि ते संपलं तरी खातं राहतं, माणसाची आठवणही राहते. म्हणून त्या नात्यालाच स्वतःचा चौकोन द्यावा लागतो, सुरुवात आणि शेवट या दोन तारखांसह. व्यक्ती वेगळी, खातं वेगळं, दोघांच्या मध्ये "नावावर". दुधाची प्रत्येक नोंद खात्याला जोडलेली, आणि शेजारी दूध घालणाऱ्याचं नाव. अशी आकृती काढल्यावर आजोबांच्या जागी आईचं नाव यायला एक ओळ पुरली आणि जुनी एकही नोंद हलली नाही. अर्थात हे डेअरीत नाही, माझ्या प्रोजेक्टमध्ये.

पुढं कळलं की वर्णनातली नामं घेऊन वस्तू शोधायच्या आणि क्रियापदांतून त्यांची कामं, ही युक्ती रसेल अ‍ॅबट यांनी १९८३ साली मांडली, आणि लेखाच्या नावातच साध्या "इंग्रजी" वर्णनांपासून असं म्हटलं होतं. त्यांची भाषा इंग्रजी, त्यांनी इंग्रजीचं व्याकरण वापरलं. आमच्या डेअरीत कुणीच इंग्रजी बोलत नाही. मग तिथलं काम समजून घ्यायला इंग्रजी व्याकरण कशाला हवं?

तर ताई, पेपर इंग्रजीतच लिहायचा आहे, त्याला इलाज नाही. त्यासाठी लागणारे शब्द शंभर-दीडशेच्या वर नाहीत, ते पाठ होतात. पण आकृती काढायच्या आधी तिनं ते काम करणाऱ्या माणसाशेजारी बसावं, तो बोलतो ती वाक्यं जशीच्या तशी उतरवावीत आणि प्रत्येक "आहे"च्या आधी काय लागलंय ते पेन्सिलनं गोल करावं. कन्नड बोलणारी मैत्रीण असेल तर तिच्याकडूनही तीच वाक्यं म्हणवून घ्यावीत. आणि तिचं शाळेतलं मराठी व्याकरणाचं पुस्तक अजून रद्दीत घातलं नसेल, तर विभक्तीच्या तक्त्याचं पान खूण घालून तिला पाठवून द्या.