चर्चची दारं उघडी आहेत, पण नेमकी कुणासाठी?

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाची एक चूक ठरलेली. प्रवचन संपतं, पाळक पुढे येऊन दोन्ही हात पसरतात आणि म्हणतात, "चर्चची दारं उघडी आहेत." चार-सहा माणसं उठून पुढे निघतात. आपल्याला वाटतं प्रसादाची रांग लागली, म्हणून आपणही निघतो. पण ते सभासद होण्याचं आमंत्रण असतं. पुढे गेलेल्याचं नाव लिहून घेतात, हात धरून प्रार्थना करतात आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. तेव्हा पाहुण्याने जागेवरच बसावं, त्यात कुणाचा अपमान होत नाही. पण ही दारं समलिंगी माणसांसाठीही उघडी असतात का, हा खरा प्रश्न; त्याआधी तिथली रीत बघू.

उपासना साधारण दहा-अकराला सुरू होते आणि दोन-अडीच तास सहज चालते, म्हणून पंधरा मिनिटं आधी पोहोचावं. दारात बहुधा पांढरे हातमोजे घातलेले अशर, म्हणजे लोकांना जागेवर नेऊन बसवणारे स्वयंसेवक, उभे असतात. प्रार्थना किंवा शास्त्रवाचन चालू असेल तर ते आत सोडत नाहीत, त्यांच्या हाताची खूण होईपर्यंत थांबायचं. सभासद उत्पन्नाचा दशमांश देतात. पाहुण्याने पाच-दहा डॉलर अर्पणाच्या पाकिटात घातले तरी चालतं, पण काही ठिकाणी इमारतीसाठी वेगळं अर्पण गोळा होतं, म्हणून जवळ सुटे ठेवावेत. मोबाईल काढून चित्रण करू नये आणि प्रवचनाच्या मध्यात उठू नये. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गॉस्पेल, म्हणजे या चर्चमधलं भक्तिसंगीत, 'बघायला' येणारे पर्यटक या दोन्ही गोष्टी करतात आणि म्हातारी माणसं दुखावतात. तिथे कुणी कार्यक्रम सादर करत नसतं, लोक देवापुढे बसलेले असतात.

आपल्याला तिथलं प्रवचन चटकन ओळखीचं वाटतं ते कीर्तनामुळे. बुवांच्या मागे टाळकरी झील धरतात, तसं इथे पाळकाच्या प्रत्येक वाक्याला बाकांवरून उत्तर येतं. शेवटाकडे बोलणं हळूहळू सुरात चढतं आणि हॅमंड ऑर्गनवाला वाक्यांच्या मधल्या जागा भरत जातो. जुन्या चर्चमध्ये अजून एक पद्धत दिसते. डीकन, म्हणजे पाळकाला मदत करणारा चर्चचा सेवक, स्तोत्राची एक ओळ म्हणतो आणि मग तीच ओळ सगळे लांबवून गातात. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. हातात पुस्तक नाही, आणि असलं तरी वाचता येत नाही, म्हणून ही पद्धत तिथे घट्ट रुजली. गुलामीत माणसाचं शरीर मालकाचं होतं, लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, मुलं विकली जात. म्हणून शरीर, देव आणि न्याय हे तीन विषय या चर्चमध्ये वेगळे काढताच येत नाहीत.

आता गायकवृंदाकडे नीट बघा. गॉस्पेल संगीत समलिंगी गायक, वादक आणि संचालकांनी किती उभं केलं आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं आणि फारसं कुणी बोलत नाही. अनेक ठिकाणी व्यासपीठावरून समलिंगी माणसांना पापी म्हटलं जातं, आणि पुढच्याच मिनिटाला त्यांच्यातलाच एखादा गायकवृंद उभा करून सगळ्यांना रडवतो. त्याची कला हवी असते, पण त्याचा जोडीदार बाकावर शेजारी बसलेला चालत नाही. हा करार क्रूर आहे. ऐंशीच्या दशकात एड्स आला तेव्हा त्याची खरी किंमत कळली. तरुण मुलं गेली आणि अंत्यविधीत आजाराचं नावही घेतलं गेलं नाही.

ही शांतता मोडणारी माणसंही याच परंपरेतून आली. गॉस्पेल गायक कार्ल बीन यांनी १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला युनिटी फेलोशिप चर्च सुरू केलं आणि १९८५ मध्ये मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट. हार्लेममध्ये पर्नेसा सील यांनी १९८९ मध्ये चर्च आणि मशिदींना एकत्र आणून एड्ससाठी प्रार्थनेचा आठवडा भरवला. पेंटेकोस्टल या उत्कट उपासनेच्या ख्रिस्ती पंथातल्या घरात वाढलेल्या यव्हेट फ्लंडर यांनी १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सिटी ऑफ रेफ्यूज हे चर्च काढलं, ते आता ओकलंडला आहे. या वर्तुळातले अनेक जण स्वतःला 'सेम-जेंडर-लव्हिंग', म्हणजे आपल्याच लिंगाच्या माणसावर प्रेम करणारे, म्हणवतात. गोऱ्यांच्या चळवळीतून आलेला 'गे' हा शब्द त्यांना आपला वाटत नाही.

न्यायाच्या लढ्यातही हेच झालं. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची सगळी जुळणी बायर्ड रस्टिन यांची. सुमारे अडीच लाख माणसं, आणि तयारीला जेमतेम दोन महिने. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी ८०,००० चीज सँडविच बांधली. ऑगस्टच्या उन्हात मेयोनीज नासतं, म्हणून ते टाळायचं, इतका बारीक विचार. रस्टिन क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे होते, समलिंगी होते, आणि गांधीमार्ग जवळून बघायला १९४८ मध्ये भारतातही येऊन गेले होते. तरीही १९६० मध्ये हार्लेमचे पाळक आणि खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांनी रस्टिन आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यात शारीरिक संबंध असल्याची खोटी आवई उठवण्याची धमकी दिली, आणि रस्टिन यांना किंग यांच्यापासून दूर व्हावं लागलं. पुढे चर्चबाहेरून वेगळा आवाज आला. आपल्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेच्या ह्यूई न्यूटन यांनी १९७० मध्येच समलिंगींच्या चळवळीला साथ द्या, असं सांगितलं होतं.

हा प्रश्न आजही जीवनमरणाचा आहे. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय आठांत एकाच्या आसपास, पण एचआयव्हीच्या नव्या निदानांत त्यांचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. ज्या चर्चच्या दालनात रविवारी रक्तदाब मोजतात, तिथेच एचआयव्हीची तपासणी ठेवली तर लोक येतात. पण व्यासपीठावरून शिव्याशाप चालू असतील तर त्या टेबलाकडे कोण जाईल?

शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या एखाद्या समलिंगी मुलाला वा मुलीला असं चर्च शोधायचं असेल, तर 'सगळ्यांचं स्वागत' या पाटीवर विसंबू नये. आत बसू देणं वेगळं आणि आपलं मानणं वेगळं. संप्रदायाच्या नावावरून थोडा अंदाज येतो. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने २००४ मध्ये आपल्या पाळकांना समलिंगी विवाह लावायला मनाई केली. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने १९८५ पासूनच मंडळ्यांना, म्हणजे एकेका स्थानिक चर्चला, 'ओपन अँड अफर्मिंग' (समलिंगींना उघडपणे आपलं मानणारं) व्हायचं आवाहन केलं आहे, पण ठराव प्रत्येक मंडळी आपापला करते. बाप्टिस्ट मंडळ्या स्वतंत्र असतात, त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन चर्चची मतं उलटी निघू शकतात. आधी यूट्यूबवर त्या पाळकांची चार-पाच जुनी प्रवचनं ऐकावीत, निदान एक जून महिन्यातलं, कारण जून हा समलिंगींचा 'प्राइड' महिना. मग कार्यालयात फोन करून उघडपणे समलिंगी असलेला कुणी डीकन किंवा पाळक आहे का, हे विचारावं. "आम्ही सगळ्यांवर प्रेम करतो," एवढंच उत्तर आलं, तर न संकोचता पुढचा प्रश्न टाकावा: दोन स्त्रियांचं लग्न तुमच्याकडे लागतं का?