तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅपवर नोंद होते, मग कागदावर सही कशाला?

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने कुणीतरी लपवलेली डबी शोधायचा खेळ. त्याबद्दल बोलताना हा प्रश्न हमखास येतो. डबी सापडली, अ‍ॅपवर तसं नोंदवलंही. मग आतल्या चिठोऱ्यावर सही करायचा खटाटोप कशाला?

कारण शोध धरला जातो तो त्या सहीवर. ३ मे २००० रोजी अमेरिकेत ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी पहिली बादली ठेवली, तेव्हाच तिच्यात वही आणि पेन्सिल होती. या खेळाची वेबसाइट, जिओकॅशिंग डॉट कॉम, त्यानंतर काही महिन्यांनी आलं. आजही कागदावर सही नसेल तर डबीचा मालक, म्हणजे ती लपवणारा, तुमची ऑनलाइन नोंद काढून टाकू शकतो. उलट सही असेल, तर चॅलेंज कॅश (आधी ठरावीक आव्हान पूर्ण करावं लागतं अशा डब्या) वगळता त्याला आणखी अट घालता येत नाही. अर्थकॅश (भूशास्त्रीय ठिकाण बघायचं) आणि व्हर्च्युअल (नुसती जागा शोधायची) या प्रकारांत डबीच नसते, तिथे सहीही नाही.

लिहायचं काय? टोपणनाव आणि तारीख, बस्स. महिना अक्षरांत लिहा. ०३/०५ म्हणजे अमेरिकन माणसाला ५ मार्च. मोठ्या डब्यातल्या वहीत चार ओळी जरूर लिहा, मालकाला त्या वाचायला आवडतात. नॅनोमध्ये, म्हणजे सर्वात छोट्या डबीत, मात्र आद्याक्षरंच पुरे. गटाने गेलात तर एकच गटनाव लिहा आणि प्रत्येकाने आपल्या ऑनलाइन नोंदीत ते सांगा, नाहीतर मालकाला ताळा लागत नाही. जर्मनीत छोटे शिक्के आणि स्टिकर खूप चालतात. शिक्का ठीक, पण स्टिकर नॅनोत नकोच: चार-पाच चिकटले की सुरळी फुगते आणि डबीत मावत नाही.

पेन्सिल न्या. दमट कागदावर बॉलपेन उमटत नाही, जेलची शाई फुटते आणि आधीच्यांच्या सह्याही खराब होतात. जलरोधक कागदावर जेल वाळता वाळत नाही; पेन्सिल दोन्हीकडे चालते.

आता ज्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते, म्हणजे कागद परत ठेवणं. नॅनो डबी नखाएवढी, आतली पट्टी जेमतेम ८ मिलिमीटर रुंद. बोटांनी ओढलीत तर फाटते, चिमट्याने काढा. सही झाली की टूथपिकभोवती घट्ट गुंडाळा, टूथपिक काढून घ्या आणि सुरळी सैल पडायच्या आत आत सरकवा. कागदाची कड झाकण फिरवून बसवायच्या आट्यांच्या खालीच राहिली पाहिजे. कड आट्यांत अडकली की झाकण पूर्ण बसत नाही, रबरी रिंग दाबली जात नाही, आणि पहिल्याच पावसात सगळ्यांच्या सह्यांचा लगदा होतो. मोठ्या डब्यांत हेच झिपलॉकच्या पिशवीमुळे होतं: तिचा कोपरा झाकणाखाली आला की तिथूनच पाणी शिरतं. झाकण लावल्यावर कडेने बोट फिरवून बघा. कागद आधीच ओला असेल तर डबी पुसून घ्या आणि दुरुस्ती हवी असल्याचं ऑनलाइन कळवा.

कागद भरलेला असेल तर समास, मागची बाजू बघा. तिथेही जागा नसेल तर कोरी पट्टी घाला, पण जुनी काढून नेऊ नका. ती मालकाची आहे आणि ऑनलाइन नोंदी त्याला तिच्याशीच ताडून बघायच्या असतात. पेन्सिल विसरलात तर उघड्या डबीचा, कागदासकट, फोटो मालकाला पाठवून विचारा. तो हो म्हणाला तरच ‘सापडली’ नोंदवा.