पट्टेवाली अल्ट्रोझ आणि मागचे ड्रम

२०२४च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात टाटांनी अल्ट्रोझ रेसर ही गाडी बाजारात आणली आणि तेव्हापासून आमच्या पुतण्याचं जेवणात लक्ष नव्हतं. "काका, साडेनऊ लाखात स्पोर्ट्स कार! नाद खुळा!" आमच्या घरात गाडीचा निर्णय माझ्याकडं येतो, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे आणि लोखंडातलं मला कळतं असा घरच्यांचा समज आहे.

आधी पैशाचं बघू. साडेनऊ म्हणजे ९.४९ लाख, तेही आर१ या सगळ्यात खालच्या मॉडेलची तेव्हाची एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स-विमा धरायच्या आधीची किंमत. आर२ १०.४९ आणि आर३ १०.९९ लाखांना होती. शिवाय आपल्या राज्यात पेट्रोल गाडी दहा लाखांच्या आत असेल तर रोड टॅक्स ११ टक्के, वर गेली की १२. म्हणजे आर१ आणि आर२मधला लाखाचा फरक एमएच-०९ची पाटी लागेपर्यंत आणखी एकवीस हजारांनी वाढायचा. आणि या जादा पैशात मिळायचं काय, तर सनरूफ आणि चारी बाजूंचा कॅमेरा. हवा मारणाऱ्या सीटा पाहिजे असतील तर आर३च घ्यावी लागायची.

शोरूममध्ये पोरगं बॉनेटवरच्या पांढऱ्या पट्ट्यांपुढं उभं राहिलं. मी वाकून मागचं चाक बघितलं. ड्रम ब्रेक.

आता ड्रमला नावं ठेवणं मला शोभत नाही, माझं पोट त्याच्यावर आहे. शिरोलीच्या फौंड्रीतून ड्रमचं ओतीव कास्टिंग येतं, आमच्याकडं आतली बाजू कातून बोअर होतो, तपासून जॉब पुढं जातो. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं येतो, त्यामुळं जास्तीचं काम पुढच्या उघड्या चकत्या, म्हणजे डिस्कच, करतात. मागच्याला गावातल्या गावात फारसं काही करावं लागत नाही. हँडब्रेकला तर ड्रमसारखं काही नाही. पण घाट उतरताना पाय सारखा पेडलवर असला की ड्रमचं दुखणं सुरू होतं. चाक थांबवायला ड्रमला आतून घासणारे शू आत बंदिस्त, उष्णतेला बाहेर पडायला वाट कमी. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब सरकतो आणि पेडल जास्त खाली जायला लागतं. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनची ताकद एवढीच, १२० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), आणि तिला चारी डिस्क आहेत. नाव रेसर ठेवायचं आणि तिथं हात आखडायचा, हे काय मला पटलं नाही.

इंजिनाबद्दल मात्र तक्रार नाही. टाटांच्याच नेक्सॉनचं १.२ लिटर तीन सिलिंडर टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबून ताकद वाढवलेलं इंजिन, उचलून यात बसवलंय. आधीच्या आय-टर्बो अल्ट्रोझला ११० पीएस आणि १४० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, होता, इथं १२० आणि १७०. वाढलेले दहा पीएस तुम्हाला जाणवणार नाहीत, वाढलेला टॉर्क जाणवतो. सेल्समनला गोडीत घेऊन गाडी शिवाजी पुलावरून वाघबीळपर्यंत आणि तिथनं वर पन्हाळ्याकडं काढली. पाऊस भुरभुरत होता. तीन माणसं आत, चढावर तिसरा गियर, आणि खाली दुसऱ्यात यायची गरजच पडली नाही. इंजिनाच्या मिनिटाला १७५० फेऱ्यांना पूर्ण टॉर्क हातात येतो आणि ४०००पर्यंत टिकतो, ते तिथं कळतं. त्याच्या खाली टर्बो जागा झालेला नसतो, म्हणजे गंगावेशीच्या गर्दीत क्लच-गियर खेळत बसायची तयारी ठेवा. ऑटोमॅटिक नाहीच, सहा गियरचा मॅन्युअल एवढाच. मला चालतंय.

आता हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का? दोन दारं, मागच्या चाकांना ताकद, हलकं वजन, असली माझदा एमएक्स-५ सारखी गाडी आपल्याकडं विकायलाच नाही. अख्खी तयार गाडी बाहेरनं आणायची तर २०२४ला नुसती कस्टम ड्युटीच निदान ७० टक्के होती. उलट चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की तेव्हा २८ टक्के जीएसटीवर सेस, म्हणजे जादा कर, फक्त एक टक्का होता. म्हणून हे इंजिन ११९९ सीसीचं. म्हणजे आपल्याकडची स्वस्त स्पोर्ट्स कार ही घरचीच गाडी, तिला इंजिन तेवढं जोरकस.

आणि याहून जास्त ताकद आणि चांगले ब्रेक एका कंपनीनं देऊन बघितलेले आहेत. २०१५ला फियाटनं अबार्थ पुंटो काढली होती, १४५ पीएस, चारी डिस्क, दहा लाखांच्या आत. रांजणगावात बनायची. कौतुक सगळ्यांनी केलं, पण घेतली फार थोड्यांनी. त्यामुळं मागच्या डिस्क वाचवणाऱ्याचा हिशोब मला कळतो. पटत नाही, एवढंच.

घरची गाडी म्हणून ही चांगली आहे. दारं नव्वद अंशात उघडतात, आईला गुडघा न वाकवता बसता आलं. डिकी ३४५ लिटरची. सहा एअरबॅग आर१लाही आहेत. खड्ड्यातनं जाताना बसल्या जागी दणका कमी लागतो.

मी चालवणार असतो तर आर१ घेतली असती. जुन्या ट्रक ड्रायव्हरांनी शिकवलेलं आहे की ज्या गियरमध्ये घाट चढलास त्याच गियरमध्ये उतर, म्हणजे ब्रेकवर जोर येत नाही. पण चालवणार पुतण्या. उतरताना स्टिअरिंग त्याच्याकडं दिलं होतं. हा गडी चौथ्या-पाचव्यात गाडी सोडतो आणि प्रत्येक वळणाला ब्रेकवर उभा राहतो. पायच असा असेल त्यानं एन लाइन घ्यावी, तेव्हा ९.९९ लाखापासून होती, आणि दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मिळतो. (शर्यतच करायची असेल तर मोहितेंच्या गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर हेल्मेट घालून कार्टमध्ये बसावं. पन्हाळ्याच्या रस्त्यावर भाविकांच्या गाड्या असतात.)

हे सगळं त्याला समजावून सांगितलं. त्याचं म्हणणं, एन लाइनला पट्टे नाहीत.

वहिनींनी सगळं ऐकून एकच विचारलं, "भावोजी, ॲव्हरेज किती देती?" मी कंपनीचा आकडा सांगितला. वाघबीळच्या चढावर मीटरमध्ये जो दिसत होता, तो मी आणि पुतण्या दोघांनीही अजून कुणाला सांगितलेला नाही.